मी शिक्का मारलेले विधेयक

प्रथम महिने, मग माणसे.

जुलै १९६०: महाडातल्या आमच्या शाळेत अभिरूप विधानसभेची पहिली बैठक. ऑक्टोबर, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार: विधेयक संमत, त्यास राज्यपालांची अनुमती, आणि प्रती गावोगाव पाठवाव्यात असा व्यासपीठावरून आदेश. नोव्हेंबर: प्रती टपालात. त्याच महिन्याची अखेर: पोलादपूरच्या डोंगरातले एक कुटुंब वाळीत. डिसेंबर: शाळेकडे एका ओळीच्या पत्राची मागणी, आणि नकार. जानेवारी १९६१: त्या घरात मृत्यू. मार्च: शालान्त परीक्षेला एक विद्यार्थी गैरहजर.

जबाबदार पुढीलप्रमाणे. त्या वाडीच्या गावकीचे पंच. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळा समितीचे चेअरमन, व्यवसायाने वकील. आणि मी, त्या वेळी नागरिकशास्त्र व इतिहास शिकवणारा सहायक शिक्षक. नावे देत नाही. नाव दिले की माणूस अब्रूनुकसानीची भाषा बोलू लागतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. हा क्रम अपराधाच्या वजनाचा नाही. तो वाचकाने शेवटी स्वतः लावावा.

महाराष्ट्र राज्य होऊन पहिलाच पावसाळा होता. अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या शालान्त वर्गाला मी विचारले, "नवे राज्य, नवी विधानसभा. तुम्ही तिथे बसलात तर पहिला कायदा कोणता कराल?" बहुतेकांनी पुस्तकी उत्तरे दिली. तेव्हा मी ठरवले की शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, बाके समोरासमोर लावायची आणि वर्गाचे सभागृह करायचे. नियम माझे होते आणि ते कडक होते. बोलताना अध्यक्षांकडे तोंड हवे. सदस्याचे नाव घ्यायचे नाही, "सन्माननीय सदस्य" म्हणायचे. विधेयकाला कलमे हवीत, व्याख्या हव्यात आणि शेवटी "उद्देश व कारणे" यांचे निवेदन हवे. या निवेदनाविषयी माझा हट्ट असा, की त्यातले कारण खरे हवे. "कल्पित दुखण्यावर खरे औषध निघत नाही," हे मी त्यांना इतक्या वेळा सांगितले की मुले मागल्या बाकांवरून माझ्या आवाजात ते म्हणून दाखवीत.

वर्गात मुली चारच. त्यांतल्या सर्वांत करड्या आवाजाच्या मुलीला मी अध्यक्ष केले. पहिल्याच बैठकीत बाजारपेठेतल्या कापडवाल्याचा मुलगा, आमचा विरोधी पक्षनेता, उठला.

"अध्यक्ष महाराज म्हणू की अध्यक्ष महाराणी?"

"खुर्चीला वेणी नसते," ती म्हणाली. "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावे. नाही तर बाहेर जाऊन भिजावे."

तो बसला. त्या दिवसापासून त्या खुर्चीचा दरारा माझ्या छडीपेक्षा जास्त होता.

विधेयक मांडले ते ज्याच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती त्याने. पोलादपूरच्या पुढे, कुडपणच्या चढाला लागताना एक वाडी आहे. तिथला हा मुलगा सोळा वर्षांचा होता. महाडात एका नातेवाइकाच्या पडवीत राहून शिकत होता. वडील मुंबईत गिरणीत. घरी आई, आजोबा आणि दोन लहान बहिणी. त्या वाडीतून हायस्कुलात पोहोचलेला तो पहिलाच. वर्गात फार बोलत नसे. पण तिसऱ्या शनिवारी त्याने वहीची चार पाने माझ्या टेबलावर ठेवली. वर लिहिले होते: "वाळीत टाकण्यास प्रतिबंध करणारे विधेयक."

ज्यांना आमच्या डोंगरातली रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची बैठक. देवळाचा उत्सव, वाटा, पाणी, तंटे, सगळे तिथे ठरते. गावकीचा निर्णय जो मानत नाही त्याचे घर वाळीत पडते. त्या घराशी कोणी बोलत नाही, विस्तव देत नाही, शेतावर जात नाही, लग्नाला बोलावत नाही, मयताला जात नाही. जो जाईल त्यालाही तोच दंड. गावाची मुंबईत एक खोली असते. कामाला गेलेले गावकरी तिथे वळकट्या टाकून राहतात. वाळीत पडलेल्याची वळकटी तिथूनही निघते.

मी त्या मुलाला म्हणालो, "अरे, यावर कायदा आहेच. एकोणपन्नास सालीच मुंबई राज्याने बहिष्कृत करण्यास बंदी केली आहे."

"वाचला सर. वाचनालयात मिळाला," तो म्हणाला. "पण त्यात समाजातून काढणं, जातीतून काढणं आहे. गावकी जातीतून काढतच नाही. ती म्हणते, आम्ही कुठं काय केलं, फक्त बोलायचं सोडलं. मग कुठलं कलम लावणार?"

मी खुर्चीत मागे टेकलो. वकिलीची दोन वर्षे शिकून, घरच्या अडचणीने ती सोडून मास्तरकीत आलेला मी. आणि कायद्यातली ही फट मला या मुलाने दाखवली. त्या क्षणी मला झालेला आनंद हा माझ्यावरील पहिला पुरावा म्हणून नोंदवावा. मी त्याला थांबवायला हवे होते. मी त्याला दौत दिली.

"उद्देश व कारणे" यांत त्याने खरेच कारण लिहिले, कारण मी तसेच शिकवले होते. त्याच्या वाडीतल्या एका विधवेने बांधाच्या तंट्यात पंचांच्या विरुद्ध, कचेरीत जाऊन, जे पाहिले ते सांगितले होते. तेव्हापासून ती वाळीत होती. तिची म्हैस व्याली तेव्हा मदतीला एक माणूस आला नाही. तिचे नाव त्याने लिहिले नाही, वाडीचेही नाही. "पोलादपूर भागातील एका वाडीत" एवढेच लिहिले. मला ते पुरेसे वाटले. त्या वाडीतून हायस्कुलात एकच मुलगा होता आणि विधेयकाच्या माथ्यावर, माझ्या नियमाप्रमाणे, मांडणाऱ्या सदस्याचे पूर्ण नाव होते. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचण्याची बुद्धी मला तेव्हा झाली नाही.

चर्चा दोन महिने चालली. अशी चर्चा मी पुढे मोठ्या माणसांच्या सभांतही ऐकली नाही. एका शनिवारी मी सगळ्यांना चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर नेऊन बसवले आणि विचारले, "नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. मग लोकांना पाणी प्यायला चालत का यावे लागले?" मग अध्यक्ष मुलगी म्हणाली, "कारण ठराव करणारे पाण्याजवळ उभे नव्हते." परत आल्यावर मी ते वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवले. आज मला वाटते, ते मी स्वतःच्या हातावर लिहायला हवे होते.

सर्वांत जास्त वाद मयताच्या कलमावर झाला. कापडवाल्याचा मुलगा उठला. "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्य आता कायद्याने खांदा देणार! उद्या रडायलाही कलम आणतील. 'जो कोणी रडणार नाही, तो एक महिना साध्या कैदेस पात्र राहील.'"

सभागृह हसले. मुलगा उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज सरळ होता. "अध्यक्ष महाराज, खांदा द्यायला लावा असं मी म्हणत नाही. कोणी देत नसेल तर नको देऊ दे. पण जो द्यायला निघालाय, त्याला जो अडवतो, त्याला धरा. एवढंच कलम आहे."

विरोधी पक्षनेत्याने आपली दुरुस्ती मागे घेतली. खाली बसताना तो पुटपुटला, "गप्प बसलेलाच बरा होता लेकाचा." पण मतदानाला त्यानेच पहिला हात वर केला.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी समारोप झाला. सगळी शाळा सभागृहात होती. चेअरमन राज्यपालांच्या भूमिकेत आले. शेरवानी घालून, मुलांना मौज वाटावी म्हणून. त्यांनी विधेयक मोठ्याने वाचले, "अनुमती दिली" असे लिहून खाली सही केली आणि भाषणात म्हणाले, "हे वहीत पडून राहता कामा नये. ज्या गावांचा हा प्रश्न आहे त्या गावांकडे पाठवा आणि त्यांचे मत मागवा. लोकशाही म्हणजे हेच." टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर होतो.

सुट्टीनंतर मी तो आदेश अमलात आणला, आणि माझ्या नेहमीच्या उत्साहाने आणला. सुवाच्य अक्षराच्या मुलांकडून कार्बन घालून, राज्यपालांच्या अनुमतीसकट, प्रती करून घेतल्या. प्रत्येक प्रतीबरोबर पत्र जोडले: "सोबतच्या विधेयकावरील आपले लेखी मत पंधरा दिवसांच्या आत कळवावे." ही भाषा मी सरकारी कागदांवरून उचलली, कारण मुलांना खऱ्या कामकाजाची चव यावी असे मला वाटत होते. आणि प्रत्येक कागदावर शाळेचा गोल शिक्का मारला. कोणी सांगितले नव्हते. मला तो शोभून दिसला.

ज्या डोंगरात कागद म्हणून फक्त कचेरीचा समन्स आणि मुंबईची मनीऑर्डर पोहोचते, तिथे गोल शिक्का आणि पंधरा दिवसांची मुदत यांचा अर्थ काय होतो, हे मला ठाऊक असायला हवे होते. मी याच तालुक्यांत वाढलो आहे. तिथल्या टपालवाल्याने मला नंतर सांगितले. शेजारच्या गावचा हा वयस्क माणूस; त्यानेच तो कागद देवळाच्या पडवीत वाचून दाखवला होता.

"मास्तर, मी आधीच बोललो, हा शालंचा खेल हाय. पन पंच म्हनाले, खेलाला शिक्का कशाला? आनि खाली लाटसाहेबाची सही कशी?"

पंचांनी निष्कर्ष काढला की पोराने वाडीवर सरकारात फिर्याद केली आणि तिचा निकालही लागला. नोव्हेंबरच्या अखेरीस ते घर वाळीत पडले. मुंबईच्या खोलीत बापाची ट्रंक दाराबाहेर ठेवली गेली. मुलगा एक दिवस वर्गात आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी मी पोलादपूरची गाडी धरली आणि पुढचा चढ पायी चढलो.

जाताना मी माझ्या हाताने खुलासा लिहून नेला होता. कागद शाळेतल्या पाठाचा भाग आहे, तो पाठवण्यात मुलाचा हात नाही, पाठवणारा मी आहे. पंच देवळापुढे बसले होते. मला घोंगडी टाकली, पाणी दिले. उद्धट कोणी नव्हते, हे नमूद करतो. थोरल्या पंचाने माझा कागद एका हातात घेतला आणि शाळेचा दुसऱ्या हातात.

"ह्याच्यावर शिक्का हाय. तुमच्या ह्याच्यावर नाय. आमी कुठला खरा मानायचा?"

"मी समोर बसून सांगतो आहे," मी म्हणालो.

"तुमी भले मानूस. पन तुमी म्हंजे शाला नव्हं. शालंच्या शिक्क्यावर लिवून आना, का पोरानं धाडला नाय, मास्तरानं धाडला. आमी त्याच दिशी बोलू लागतो त्येंच्याशी. आमाला काय हौस हाय काय?"

"आणि तोवर? पोराची परीक्षा मार्चात आहे."

थोरल्याने शाळेच्या कागदावर बोट ठेवले. "तुमीच लिवलंय मास्तर, पंधरा दिसांत मत कलवा. आमी कलवलं."

परतताना मी मुलाच्या घरी गेलो. आई खळ्यावर एकटी भात झोडत होती. एरवी या कामाला शेजारची चार घरे येतात. मुलगा पेंढा बांधत होता. मला पाहून तो उभा राहिला, वर्गात राहतो तसा.

"गुर्जी," आई म्हणाली, "तुमी कागद लय चांगला लिवता, पोर सांगतं. आता येक कागद असा लिवा, का आमच्याशी कुनी बोलेल."

मी म्हणालो, "आठवड्यात आणतो." हे वचन मी दिले. त्याचा साक्षीदार तो मुलगा आहे.

आता डिसेंबर. मुख्याध्यापकांनी शिक्का कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली होती. "तपासणी जवळ आली आहे," ते म्हणाले. "शाळेने असे कागद गावांना पाठवले, हे मी शिक्क्यानिशी कबूल करू? चेअरमनसाहेबांनी लेखी सांगितले तर देतो."

चेअरमनांकडे मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा ते पूजेला बसले होते. दुसऱ्यांदा कोर्टात होते. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "मास्तर, तो नाटकाचा भाग होता. नाटकातल्या राजाला कोणी कर्ज फेडायला लावतो का? पाठवायला मी सांगितले, असे मला स्मरत नाही." चौथ्यांदा मी एकोणपन्नासच्या कायद्याखाली गावकीवर फिर्याद लिहून नेली आणि वकील म्हणून त्यांचे मत विचारले. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली, मग हसले.

"लागू होत नाही. जातीतून कुठे काढले आहे? ही फट तुमच्याच विद्यार्थ्याने दाखवली ना? हुशार आहे पोरगा."

पुढे बासष्ट साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्दबातल ठरवला. म्हणजे फटीभोवतीची भिंतही गेली. पण ते पुढचे. त्या डिसेंबरात मला हवी होती ती एक ओळ. ती लिहायला एक मिनिट लागले असते.

जानेवारीत मुलाचे आजोबा वारले. निरोप टपालवाल्याने आणला, टपालाबाहेरचा. मी पोहोचलो तेव्हा बाप मुंबईहून आला होता. वाडीतली दारे बंद होती. लाकडे बाप-लेकांनी स्वतः फोडली होती. ती विधवा तेवढी येऊन आईजवळ बसली होती. वाळीतल्याला वाळीत टाकता येत नाही. ताटीला बाप, मुलगा आणि मी असे तिघे झालो. चौथा माणूस नव्हता. तेव्हा टपालवाल्याने खाकी पिशवी उतरवून आंब्याच्या फांदीला अडकवली.

"तुला दंड बसेल," बाप म्हणाला.

"मी सरकारचा मानूस. माजी बदली होईल फार तर. चला, उचला."

उतारावर मुलगा माझ्या पुढे होता. त्याचा खांदा माझ्या खांद्याहून खाली होता, म्हणून ताटी सारखी कलत होती, आणि तो चवड्यांवर चालून ती सरळ ठेवत होता. स्मशानापर्यंत तो तसाच चालला.

मुंबईत बापाला झोपायला कोपरा उरला नव्हता. त्याने दुसरीकडे पथारी मिळवली, पण गिरणीतली पाळी मधल्या काळात गेली होती. घरी चार तोंडे होती. मार्चात, परीक्षेच्या आठवड्यात, मुलगा मुंबईला कामाला निघाला. मी महाडच्या स्टँडवर गेलो. सत्याग्रहाच्या स्मृतिदिनाला तळ्यावर येणाऱ्या लोकांच्या गाड्या लागत होत्या, गर्दी उतरत होती. त्याची गाडी उलट दिशेची, जवळजवळ रिकामी. मी त्याला परीक्षेचे प्रवेशपत्र दिले. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडले होते ते मी उचलून आणले होते. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचले आणि परत दिले.

"ऑक्टोबरला बस," मी म्हणालो. "फॉर्म मी भरतो."

"बघू सर." मग गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून म्हणाला, "सर, मसुद्यात एक राहिलं. तक्रार कुणाकडे करायची, ते आपण लिहिलंच नाही."

तो ऑक्टोबरला बसला नाही. पुढल्या ऑक्टोबरलाही नाही. एका बायंडिंगच्या कारखान्यात लागला आणि तिथेच राहिला. मला वर्षातून एक पत्र येत असे. अक्षर तेच, सुवाच्य. मग तेही थांबले. बहिष्कार कोणी उठवला नाही. दोन-तीन वर्षांनी गावकीला दुसरे घर सापडले आणि या घराकडचे लक्ष गेले, इतकेच. अभिरूप विधानसभा मुख्याध्यापकांनी त्याच जूनमध्ये बंद केली. शनिवारची दुपार "माझा आवडता सण" या विषयावरील वक्तृत्वाला मिळाली.

हे सर्व मी इतकी वर्षे पत्रांतून लिहिले. समितीला, शिक्षणखात्याला, वृत्तपत्रांना. नकला माझ्याकडे आहेत. उत्तरे नाहीत. कदाचित मी गप्पही बसलो असतो. परंतु शाळेची स्मरणिका नुकतीच निघाली, आणि तीत माजी चेअरमनांचा, वयाने आता वंदनीय झालेल्या गृहस्थांचा, लेख आहे. त्यात ते लिहितात की अभिरूप विधानसभेची कल्पना त्यांची; मुलांनी केलेल्या एका "क्रांतिकारक" विधेयकास अनुमती देण्याचे भाग्य त्यांना लाभले; आणि ते विधेयक गावोगाव पाठवण्याचा आदेशही त्यांनीच दिला.

म्हणजे त्यांना स्मरते. डिसेंबर १९६० मध्ये जे स्मरले नाही ते आता छापील पानावर, छायाचित्रासह, स्मरले.

माझ्या अपराधाची कबुली वर दिली आहे. शिक्का मी मारला, मुदत मी घातली, मुलाचे नाव माथ्यावर मी ठेवले, आईला दिलेले वचन मी मोडले. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. मुख्याध्यापक हयात नाहीत. त्या वेळचे पंचही नाहीत. त्यांनी निदान काय हवे ते स्पष्ट सांगितले होते, आणि ते शक्य होते. उरले चेअरमन.

त्यांना माझा जाहीर प्रश्न असा. आदेश आपला होता, तर ती एक ओळ आपण का दिली नाही? खासगीत बोलावून चहावर सांगू नये. मला पत्र लिहू नये. ज्या सभागृहात आपण सही केली त्याच सभागृहात, त्या वर्षीच्या वर्गातल्या जितक्या मुलांना बोलावता येईल तितक्यांसमोर, उभे राहून उत्तर द्यावे. मुदत मी घालत नाही. मात्र तोवर प्रत्येक महिन्याला हा प्रश्न मी आपल्या पत्त्यावर उघड्या पोस्टकार्डावर पाठवीन, म्हणजे वाटेत ज्याच्या ज्याच्या हाती पडेल त्याला तो वाचता येईल.